गिरगावच्या वाड्या आणि लिव्हरपूलच्या चार गल्ल्या: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

पुस्तिकेचं काम आज सुरू केलं. मराठीत, मोठ्या टाइपात, गिरगाव-ठाकूरद्वारच्या जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंसाठी. विषय एकच: जुनी वस्ती नीट दुरुस्त झाली की तिथली माणसं बाहेर का पडतात, आणि जिथे ती राहिली तिथे लोकांनी नेमकं काय केलं.

मी वारसा इमारतींच्या दुरुस्तीत बरीच वर्षं काढली आहेत. मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली आली. शहरी वारशासाठी देशातली ती पहिलीच. तिच्यामुळे खूप काही वाचलं. पण यादी वाचवते ती दर्शनी बाजू: सज्जे, कठडे, उतरती कौलं. आतल्या खोलीत उद्या कोण राहणार, हा तिचा विषयच नाही. खोताची वाडी यादीत आहे आणि तरीही तिथल्या जुन्या घरांपैकी निम्म्याहून अधिक गेली. राहिलेल्या घरांचे फोटो काढायला रोज माणसं येतात.

दुसरीकडे पुनर्विकास. त्यात माणसं निदान कागदावर राहतात, पण वाडी जाते. अंगण, जिना, समोरासमोरच्या गॅलऱ्या, सगळं जातं. भिंती वाचवायच्या की माणसं, एवढीच निवड आपल्यासमोर ठेवली जाते. मला ही निवडच मान्य नाही. म्हणून कम्युनिटी लँड ट्रस्ट, म्हणजे वस्तीचा भूमी न्यास, हा विषय: जमीन न्यासाची, घरं राहणाऱ्यांची.

११ जानेवारी

पहिलं प्रकरण लिव्हरपूलच्या ग्रॅनबीचं. ते आधी लिहायचं कारण असं की तिथे विटांची जुनी घरं आणि जुनी माणसं, दोन्ही टिकली.

टॉक्स्टेथ हा लिव्हरपूलचा भाग. बंदरामुळे आलेली कॅरिबियन, सोमाली, येमेनी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात आणि ग्रॅनबी स्ट्रीट हा त्यांचा भरलेला बाजार होता. जुलै १९८१ मध्ये इथे मोठी दंगल झाली. पोलिसांचा जाच आणि बेकारी ही तिची कारणं होती. त्यानंतर वस्तीला जणू शिक्षाच झाली: दुरुस्ती थांबली, दुकानं बंद पडली, आसपासच्या गल्ल्या एकेक करून पाडल्या गेल्या. शेवटी चार गल्ल्या उरल्या: बीकन्सफील्ड, केर्न्स, जर्मिन आणि ड्युसी.

२००२ मध्ये सरकारनं 'पाथफाइंडर' योजना आणली. उत्तर आणि मध्य इंग्लंडमधल्या जुन्या रांगेच्या घरांना मागणी नाही, तेव्हा ती पाडून नवी बांधावीत, असा हिशोब. घरं विकत घेऊन रिकामी केली, दारं-खिडक्या पत्र्यानं ठोकल्या. रिकामं घर गळतं, गळणाऱ्या घराची लाकडी तक्तपोशी कुजते, मग तेच घर दाखवून म्हणायचं की बघा, हे राहण्यालायक नाही. गिरगावात ज्यांनी इमारतीच्या दारावर 'धोकादायक' अशी नोटीस लागलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

सगळे गेले नाहीत. केर्न्स स्ट्रीटवर जी थोडी कुटुंबं उरली होती, त्यांतल्या बायकांनी रस्ता झाडायला घेतला. कुंड्या मांडल्या, वेली चढवल्या, ठोकलेल्या खिडक्यांवर पडदे आणि फुलदाण्या रंगवल्या. रस्त्यावरच बाजार भरवायला लागल्या. तेव्हा त्यांच्या हाती एकाही रिकाम्या घराचा कागद नव्हता.

१२ जानेवारी

२०११ मध्ये पाथफाइंडरचा निधी बंद झाला आणि त्याच वर्षी रहिवाशांनी 'ग्रॅनबी फोर स्ट्रीट्स कम्युनिटी लँड ट्रस्ट' स्थापन केला. पुढे महापालिकेनं केर्न्स स्ट्रीटवरची १० पडकी घरं ट्रस्टला दिली. एका सामाजिक गुंतवणूकदाराचं कर्ज आणि देणग्या मिळून पैसा उभा राहिला. 'असेम्बल' हा लंडनचा तरुण वास्तुरचनाकारांचा गट कामाला आला.

त्यांचं काम मी दुरुस्तीच्या नजरेनं पाहते आणि मला त्यातला विवेक आवडतो. ज्या घरात मधला तक्तपोशीचा मजला कोसळलेला होता, तिथे सगळीकडे तो परत टाकलाच पाहिजे असा हट्ट धरला नाही. काही ठिकाणी दुहेरी उंचीची खोली ठेवली. बाहेरच्या विटा, खिडक्यांचं प्रमाण, रांगेची रेष मात्र जपली. पाडकामाचा राडारोडा वापरून शेकोटीच्या चौकटी ओतल्या, दारांच्या मुठी आणि टाइल्स तिथेच घडवल्या, आणि त्यातून ग्रॅनबी वर्कशॉप हा उद्योग उभा राहिला. डिसेंबर २०१५ मध्ये या कामासाठी असेम्बलला टर्नर पुरस्कार मिळाला. इतकी वर्षं चित्र-शिल्पांच्या दुनियेत फिरणारा पुरस्कार घरदुरुस्तीला मिळाला म्हणून तिकडे बरीच चर्चा झाली.

दोन घरं इतकी ढासळली होती की त्यांत घर करणं परवडणारं नव्हतं. त्यांच्या भिंती ठेवून आत काचेच्या छताखाली झाडं लावली. २०१९ मध्ये ती 'विंटर गार्डन' म्हणून वस्तीसाठी उघडली. आपल्याकडे दोन पडक्या खोल्यांच्या जागेचं पहिलं गणित चटईक्षेत्राचं असतं. तिथे ते करणारा बिल्डर नव्हता, म्हणून हा विचार सुचू शकला.

एक गोष्ट पुस्तिकेत ठळक लिहायची आहे. ट्रस्टची घरं थोडीच. चारही गल्ल्यांतली बाकीची बरीच घरं हाउसिंग असोसिएशन (परवडणारी घरं भाड्यानं देणाऱ्या ना-नफा संस्था) आणि सहकारी संस्थांनी दुरुस्त केली. पण ही घरं पाडायची नाहीत, हा निर्णय रहिवाशांनी आधी रस्त्यावर घेतला आणि मग ट्रस्टच्या कागदावर आणला. बाकीच्या संस्था त्यानंतर धीटपणे पुढे आल्या.

१९ जानेवारी

वाडीत बैठक. गच्चीवर, पतंगाच्या मांज्याचे तुकडे अजून पडलेले. पंचवीसेक माणसं असतील. ट्रस्ट म्हणजे काय हे सांगायचं होतं. मला वाटलं होतं, जमीन एकाची आणि घर दुसऱ्याचं हे पटवायला वेळ जाईल. तसं झालं नाही. मुंबईकराला हे जन्मापासून ठाऊक आहे. दादर-माटुंग्याचे कितीतरी प्लॉट जुन्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं लीजवर दिलेले. कुठे जमीन कलेक्टरची, कुठे पोर्ट ट्रस्टची, कुठे पालिकेची, आणि वर सोसायटीची इमारत. वाडीच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ताई, म्हणजे लीजचा प्लॉट. फक्त मालक आपणच."

बरोबर तेच. जमीन ट्रस्टकडे कायमची. घर राहणाऱ्याचं, बहुतेक ठिकाणी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, वारसाला मिळणारं. आणि ट्रस्टच्या मंडळात, अमेरिकेतल्या रूढ पद्धतीप्रमाणे, एक तृतीयांश तिथले रहिवासी, एक तृतीयांश आसपासच्या वस्तीतले, एक तृतीयांश जाणकार आणि सार्वजनिक हित पाहणारे. आसपासच्या लोकांची जागा महत्त्वाची. आज राहणाऱ्यांनी उद्या मोहात पडून सगळंच विकायचं ठरवलं तर अडवणारं कोणी तरी हवं.

त्यानंतर मात्र खरा प्रश्न आला. दुसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी: "विकायची वेळ आली तर किती मिळणार?"

२० जानेवारी

मावशींच्या प्रश्नावर एक पूर्ण पान द्यायचं ठरवलं. आकडे कल्पित, पद्धत खरी: अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टनची. तिथला ट्रस्ट १९८४ मध्ये, बर्नी सँडर्स महापौर असताना, पालिकेच्या पैशावर सुरू झाला आणि आज चॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट या नावानं देशातला सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे.

समजा घराची बाजारातली किंमत ६० लाख. जमिनीचा भार ट्रस्टनं उचलला म्हणून राहणाऱ्याला ते ४० लाखांत मिळालं. दहा वर्षांनी बाजारभाव ८० लाख झाला. वाढ २० लाखांची. तिचा पाव हिस्सा, म्हणजे ५ लाख, विकणाऱ्याला. त्याला मिळाले ४५ लाख, शिवाय घरात त्यानं केलेल्या कायमच्या सुधारणांचे पैसे. पुढच्या कुटुंबाला बाजारात ८० लाखांना जाणारं घर ४५च्या आसपास मिळालं. उरलेली वाढ कोणाच्या खिशात गेली नाही, ती घरातच राहिली.

ग्रॅनबीनं आणि पूर्व लंडनच्या ट्रस्टनं याहून सरळ मार्ग घेतला: घराची किंमत बाजाराशी जोडायचीच नाही, त्या भागातल्या लोकांच्या मधल्या उत्पन्नाशी जोडायची. पूर्व लंडनच्या ट्रस्टची पहिली २३ घरं माइल एंडच्या सेंट क्लेमेंट्समध्ये आहेत. ती १८४९ची वर्कहाउसची वास्तू, नंतर रुग्णालय. जिथे एकेकाळी शहरातल्या गरिबांना कोंडलं जायचं, तिथे आज शाळेतल्या शिक्षिकेला परवडेल अशी घरं आहेत.

पागडीत राहणाऱ्यांना तुलना करता येईल म्हणून खाली दोन ओळी टाकल्या: पागडीची खोली हस्तांतरित होताना मालक आपला वाटा घेतो आणि तो इमारतीत परत येईलच याची हमी नसते. ट्रस्टमध्ये तो वाटा पुढच्या राहणाऱ्याच्या किमतीतून वजा होतो.

२ फेब्रुवारी

लिव्हरपूलचीच दुसरी योजना पुस्तिकेत चौकटीत दिली, कारण फरक तिथे स्वच्छ दिसतो. २०१३ मध्ये पालिकेनं पडकी घरं एका पौंडाला विकायला काढली. अट अशी की दुरुस्ती स्वतः करायची आणि ५ वर्षं राहायचं. योजना चांगली होती, कुटुंबांनी जीव ओतून घरं उभी केली. पण मुदत संपली की घर खुल्या बाजाराचं. ट्रस्टच्या घराला अशी मुदत नाही. एक योजना एका कुटुंबाला मदत करते. दुसरी त्या घरात येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला.

जवळच्या वेल्श स्ट्रीट्सचाही उल्लेख केला. रिंगो स्टारचं जन्मघर तिथल्या मॅड्रिन स्ट्रीटवर. सार्वजनिक चौकशीनंतर जानेवारी २०१५ मध्ये मंत्र्यांनी पाडकामाला नकार दिला आणि घरं वाचली. ती पुढे खासगी कंपनीनं दुरुस्त करून भाड्यानं दिली. छान केली आहेत. पण ज्यांना आधी हलवलं होतं, त्यांची वस्ती म्हणून ती परत आली असं म्हणता येत नाही.

९ फेब्रुवारी

न्यूयॉर्कचं कूपर स्क्वेअर. मला वाटतं आपल्या चाळींना सर्वांत जवळचं हेच आहे, कारण इथे सुटी घरं नाहीत. पाच-सहा मजली जुन्या भाड्याच्या इमारती, लहान खोल्या, स्थलांतरितांची वस्ती.

१९५९ मध्ये शहराची आखणी करणारा बलाढ्य अधिकारी रॉबर्ट मोझेस याच्या योजनेत हा भाग पाडायचा ठरला. रहिवाशांनी समिती केली आणि नुसता विरोध न करता १९६१ मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला: इथल्या माणसांना इथेच घरं मिळाली पाहिजेत. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं ते नेटानं मागे लागले. १९९१च्या सुमारास रचना उभी राहिली: जमीन लँड ट्रस्टकडे, इमारतींचा कारभार रहिवाशांच्या स्वतःच्या गृहसंस्थेकडे, आणि प्रत्येक कुटुंबाला नाममात्र किमतीचा शेअर. चहूबाजूंना मॅनहॅटनचे भाव आकाशाला भिडले आणि त्या तीनशेहून अधिक घरांत कमी उत्पन्नाची कुटुंबं राहत राहिली.

आणखी एक उपयोगी बाब. खालच्या मजल्यावरची दुकानं संस्थेचीच. त्यांच्या भाड्यातून वरच्या घरांचा खर्च काही अंशी निघतो. ठाकूरद्वारच्या रस्त्यावर तोंड असलेल्या किती इमारतींच्या तळमजल्यावर दुकानं आहेत ते पाहता, ही ओळ मी दोनदा अधोरेखित केली आहे.

१६ फेब्रुवारी

आजची बैठक अवघड होती आणि व्हायलाच हवी होती. तळमजल्यावरच्या एका तरुणाचं म्हणणं: जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाचा नियम ३३(७), त्याखाली बिल्डर फुकट, मालकीचा, संडास-बाथरूम आत असलेला फ्लॅट देतो. मग वाढ मर्यादित करणारा ट्रस्ट आम्ही का घ्यावा?

त्याचा मुद्दा खोटा नाही. कॉमन संडासाच्या रांगेत आयुष्य काढलेल्या बाईला 'वाडीपण जपा' असं सांगायचा मला काहीही अधिकार नाही. ट्रस्टच्या आराखड्यात प्रत्येक खोलीला स्वतंत्र संडास आणि पाणी ही पहिली अट असली पाहिजे, कोरीव कठड्याच्या आधी. मी हे बैठकीतही म्हटलं आणि पुस्तिकेतही पहिल्या दहा पानांत येईल.

पण फुकट फ्लॅटचा हिशोबही पूर्ण मांडला पाहिजे. काम अडलं की बिल्डरनं द्यायचे भाड्याचे चेक थांबतात. संक्रमण शिबिरात ज्यांच्या मुलांची लग्नं झाली अशी कुटुंबं त्या बैठकीतच होती. काम झालं तरी लिफ्ट, पंप, टॉवरचा मेंटेनन्स पेन्शनमध्ये बसत नाही, देखभालीसाठी बिल्डरनं दिलेल्या ठेवीचं, म्हणजे कॉर्पसचं, व्याज पुरत नाही आणि शेवटी फ्लॅट विकून वसई-विरार किंवा डोंबिवली. विकणाऱ्याच्या हातात रक्कम येते, हे खरं. त्या पैशात पुन्हा गिरगावात येता येत नाही, हेही तितकंच खरं.

माझं मत मी लपवलं नाही. जिथे इमारत टेकू लावूनही उभी राहणार नाही, तिथे पुनर्बांधणीच हवी. जिथे सागवानी तुळया अजून ठणठणीत आहेत, भिंतींना चुन्याचा गिलावा आणि गळक्या मोऱ्यांना उपाय केला की इमारत पन्नास वर्षं जाईल, तिथे पाडण्यामागे जमिनीची किंमत सोडून दुसरं कारण नाही. ती किंमत बाजारातून काढून घेणं हाच ट्रस्टचा उद्योग.

२३ फेब्रुवारी

कायद्याचं प्रकरण. सर्वांत जास्त वेळ यात गेला.

महाराष्ट्रानं याच्या जवळ जाणारी एक गोष्ट १९८६ मध्येच केली होती. म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घातलं: उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर इमारत आणि तिची जमीन संपादित करून त्यांच्या संस्थेला देता येईल, मालकाला मासिक भाड्याच्या १०० पट मोबदला. मालकांनी आव्हान दिलं. गोठलेल्या भाड्याच्या १०० पट म्हणजे मुंबईच्या जमिनीसाठी काहीच नाही, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली, प्रकरण १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मोठ्या-मोठ्या पीठांकडे सरकत राहिलं. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब)चा (समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी) अर्थ लावला: प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

माझ्या दृष्टीनं आठ-अ प्रकरणात एक मोठी उणीव पहिल्यापासून होती. जमीन संस्थेला मिळाल्यावर संस्था ती पुन्हा बाजारात नेणार नाही, अशी कायमची कडी त्यात नव्हती. सक्तीनं काढून घ्यायचं आणि मग मोकळं सोडायचं, यापेक्षा राजीखुशीनं घेऊन कायमचं बांधून ठेवणं मला जास्त टिकाऊ वाटतं. इंग्लंडच्या २००८च्या कायद्यात लँड ट्रस्टच्या व्याख्येतच ही कडी आहे: मालमत्ता वस्तीच्या हितासाठीच वापरायची किंवा विकायची.

आपल्याकडे अशी कडी आहे, फक्त दुसऱ्या कायद्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, कलम ३६: सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही. अडचणही त्यातच: घर-जागा ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीनं भाडेपट्ट्यावर द्यायची तरी मंजुरी लागते. म्हणजे ९९ वर्षांच्या प्रत्येक पट्ट्यासाठी अर्ज. जमीन न्यासाकडे आणि इमारतीचा एकच पट्टा सहकारी संस्थेकडे, अशी कूपर स्क्वेअरसारखी दोन मजली रचना केली तर मंजुरी एकदाच लागेल. वकिलांना हा मुद्दा पाठवला.

९ मार्च

हे लिहिताना मन भरून आलं. लँड ट्रस्टचं मूळ शोधत गेलं की वाट पेण तालुक्यातल्या गागोद्याला पोचते.

विनोबा तिथले, जन्म १८९५. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली आणि पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशातल्या मंगरोठमधून ग्रामदानाला. ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते, कसण्याचा हक्क कुटुंबाकडे वारसानं राहतो, आणि जमीन गावाबाहेर विकता येत नाही. भूमी न्यासाचा पाया नेमका हाच. अमेरिकेतले राल्फ बोर्सोडी आणि रॉबर्ट स्वान यांनी ग्रामदानाचा अभ्यास केला. नागरी हक्क चळवळीतले स्लेटर किंग, चार्ल्स आणि शर्ली शेरॉड यांना प्रश्न पडला होता की मतदानासाठी नाव नोंदवलं म्हणून गोरा मालक ज्या कृष्णवर्णीय कुळांना जमिनीवरून हाकलतो, त्यांनी उभं कुठे राहायचं. हे सगळे एकत्र आले आणि १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात 'न्यू कम्युनिटीज' उभी राहिली. जवळपास ५,७०० एकर, पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट.

ती जमीन १९८५ मध्ये गेली. दुष्काळ पडला, सरकारी शेतीकर्ज वर्णभेदामुळे वेळेवर मिळालं नाही, आणि जमीन गहाण होती. पुढे भेदभावाच्या खटल्यातली भरपाई मिळून त्यांनी पुन्हा जमीन घेतली, पण आधीची परत आली नाही. पुस्तिकेत या प्रकरणाखाली एकच सूचना आहे: न्यासाची जमीन कधीही गहाण टाकायची नाही, कर्ज काढायचं तर इमारतीवर.

आपल्याकडे महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४चा आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २०१३ मध्ये त्याच्या आधारे सारी जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन केली. एवढं जवळ असताना आपण हे शहरासाठी कधी वापरून पाहिलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

२३ मार्च

बैठक झाली नाही. सगळे पाडव्याच्या शोभायात्रेच्या तयारीत. ढोल-ताशाचा सराव रात्री दहापर्यंत चालू. तेवढ्यात लाकडाची पाहणी उरकली: मागच्या जिन्याच्या तीन तुळयांना वाळवी, बाकीच्या निरोगी. मोऱ्यांखालच्या भिंती मात्र उघडून बघाव्या लागतील.

६ एप्रिल

रामनवमी असूनही बैठकीला माणसं आली. मसुदा वाचून दाखवला. तळमजल्यावरच्या तरुणानं हिशोबाच्या पानावर दुरुस्ती सुचवली: दोन्ही पर्यायांत पहिल्या पंधरा वर्षांचा मेंटेनन्स शेजारी शेजारी मांडा. मावशींनी विचारलं की विधवा मुलीला पट्ट्यात नाव लावता येईल का. ते कलम आता स्वतंत्र आहे.

आधी कोणती मालमत्ता, यावर बरीच चर्चा झाली. निघालेला मार्ग मला पटतो: सबंध वाडीच्या मागे न लागता, वाडीतली ती मागची दोनमजली इमारत, जिचे मालक स्वतः विकायला तयार आहेत आणि बिल्डरला जिच्यात रस नाही कारण प्लॉट अरुंद आणि आतला आहे. ग्रॅनबीनंही कोणाला नको असलेल्या घरांपासूनच सुरुवात केली होती.

मालकांना पहिलं पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर सेक्रेटरी लिहितील. मालमत्ता पत्रकाचा उतारा मी काढते. वकिलांनी कलम ३६चं पान छपाईआधी पुन्हा मागितलं आहे, ते उद्या दुपारी फोर्टला नेऊन द्यायचं.